केमोनंतरचा दुसरा आठवडा

केमोची सलाईन लागते त्या दिवशी अख्खं घर रुग्णाभोवती असतं. खरं जागं राहायचं ते साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. तोवर उलट्या थांबलेल्या असतात, माणूस हिंडू-फिरू लागतो आणि घर निवांत होतं.

केमो भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. त्यात अस्थिमज्जाही, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्तपेशी बनवणारा गर, सापडते. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात. मज्जेतला साठा काही दिवस पुरतो, मग आकडा कोसळतो. सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या) रिपोर्टवरून तो घरीही काढता येतो: एकूण पांढऱ्या पेशी १८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे ३६०. ५०० च्या खाली धोका मोठा.

या काळात जखम लाल होत नाही, पू धरत नाही, खोकल्याला बेडका नसतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलच, आणि त्याच नाहीत! त्यामुळे ताप हीच कित्येकदा एकमेव खूण असते. थर्मामीटर तोंडात धरा, चहानंतर १५ मिनिटं थांबून. काखेत आकडा कमी दिसतो. एकदा १०१, किंवा तासभर १००.४ फॅरनहाइट राहिला की रुग्णालयात निघायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. थंडी वाजून हुडहुडी, धाप किंवा बरळणं असेल तर ताप नसतानाही निघायचं, कारण केमोसोबतच्या स्टेरॉइडने ताप दबतो.

घोळ होतो तो इथेच. आधी पॅरासिटामॉल दिली जाते, ताप उतरतो, ‘सकाळी बघू’ म्हणतात, आणि सकाळपर्यंत रक्तदाब घसरलेला असतो. गल्लीतल्या दवाखान्यात कमरेवर इंजेक्शन घेणंही नको. प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी असतील तर आत रक्त साकळतं. थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, केसपेपरच्या रांगेत उभं न राहता ‘केमो चालू आहे, ताप आहे’ एवढं सांगा आणि फाइल पुढे करा. रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, रिपोर्टची वाट न बघता.

कोल्हापूरपासून लांबच्या चंदगड, गगनबावड्याकडच्यांनी जवळचं रुग्णालय डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावं. पावसाळ्यात तर नक्कीच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता.

खाण्याबद्दल कोल्हापूरकराला सांगणं जड जातं, पण धारोष्ण दूध बंद. गंगावेशच्या कट्ट्यावरचं असो की दारच्या म्हशीचं, उकळूनच प्यायचं. गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रसही नको. फळं मात्र उगाच तोडू नका, धुऊन, सोलून चालतात. तोंड आलं असेल तर कांदा-लसूण चटणी आणि तांबडा रस्सा बाजूला ठेवा. ग्लासभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून चार-सहा वेळा चुळा भरा. बघायला येणाऱ्यांना फोनवरच थांबवा, पाहुणे रुसले तरी चालतील.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते केमोनंतर २४ तासांच्या आत घेत नाहीत. गावी नेताना २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका. गोठलं तर वाया जातं. नंतर कंबर, मांड्या ठणकतात, ती मज्जा कामाला लागल्याची खूण. तरी वेदनाशामक गोळी घेण्याआधी ताप मोजायचा.