पत्र्यावरचं सॉकेट आणि बोर्डावरचं सॉकेट

गेल्या गणेशोत्सवात आमच्या कॉलनीच्या ऑर्केस्ट्रातला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) गिटार अॅम्प दुसऱ्याच गाण्याला खरखरू लागला. थाप मारली की सुधारायचा, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. नवे व्हॉल्व्ह घालूनही फरक शून्य. शेवटी इंदूरच्या महाराणी रोडवरून मल्टिमीटर घ्यायला निघालो होतो, तेवढ्यात रेडिओदुरुस्तीत हयात घालवलेले शेजारचे काका म्हणाले, "आधी बूड बघू." बोर्ड उपसून त्यांनी भिंग धरलं. पॉवर व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या (व्हॉल्व्ह ज्यात खोचतात त्या बैठकीच्या) एका पायाभोवती, डाखात (सोल्डरमध्ये), केसाएवढी गोल भेग होती.

काकांना ती लगेच का सुचली, याचं मूळ रेडिओत आहे. आठ पायांचा, मधे खुंटी असलेला ऑक्टल बेस (व्हॉल्व्हचं बूड) अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३५ मध्ये आणला. पुढच्याच वर्षी ६एल६ हा पॉवर व्हॉल्व्ह आला, जो आजही गिटार अॅम्पमध्ये दिसतो. १९५५ मध्ये इंदूर आकाशवाणी सुरू झाली तेव्हा घरोघरचे संच व्हॉल्व्हचेच. त्यांत पत्र्याच्या चासीला (सांगाड्याला) गोल भोक पाडून सॉकेट रिव्हेटने किंवा दोन स्क्रूंनी आवळत आणि खालून पायांना तारा जोडत. व्हॉल्व्ह ओढा, ढकला, हलवा, जोर पत्रा सोसतो. डाखाचं काम फक्त वीज पोचवणं.

गिटार आणि अॅम्प बनवणाऱ्या फेंडर कंपनीचे लिओ फेंडरही मुळात रेडिओ दुरुस्त करणारेच. १९३८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात फुलर्टनला दुकान काढलं, आणि पुढे अॅम्प बनवताना सॉकेट पत्र्यावरच ठेवली. मार्शल अॅम्पसाठी गाजलेल्या जिम मार्शल यांच्या लंडनच्या दुकानातून १९६२ मध्ये जो पहिला अॅम्प निघाला, तो फेंडरच्या बासमन या अॅम्पवर बेतलेला. साहजिकच ही रीतही सोबत आली.

मग छापील बोर्ड (पीसीबी) आले. हाताने तारा जोडायला कुशल माणूस आणि वेळ लागतो. बोर्डावर सॉकेट ठेवून वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून एकदा फिरवलं की सगळे पाय एका दमात जोडले जातात. १९९० च्या दशकापर्यंत हे सर्रास झालं. शिवाय प्रत्येक नग सारखा निघतो, तार इकडेतिकडे गेल्याने येणारी गुणगुण टळते. हा फायदा खराच आहे, जुन्याचे भक्त तो कबूल करत नाहीत एवढंच.

पण व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर नव्हे. ईएल३४ या एका पॉवर व्हॉल्व्हचं फिलामेंटच (तापणारी तार) ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर घेतं. चार व्हॉल्व्ह असले तर सहा अँपिअर तांब्याच्या पातळ पट्टीतून जातात. काँबो (स्पीकर त्याच पेटीत असलेल्या) अॅम्पमध्ये व्हॉल्व्ह बहुधा उलटे टांगलेले, म्हणजे धग वर चढून थेट सॉकेटला लागते. त्यात स्पीकरची थरथर. रोज तापणं-निवणं, व्हॉल्व्ह बदलताना बसणारे हिसके, हे सगळं आता डाखावर येतं. डाख काही स्क्रू नव्हे. तो हळूहळू चिरतो. कंट्रोल ग्रिडचा (व्हॉल्व्हमधल्या प्रवाहाला लगाम घालणाऱ्या जाळीचा) सांधा सुटला तर प्रकरण खरखरीवर थांबत नाही: बायस (तो लगाम धरणारा व्होल्टेज) जातो, प्लेट (व्हॉल्व्हमधला धातूचा पत्रा) लालबुंद होते, फ्यूज उडतो. बेकेलाइटच्या (एका कडक प्लॅस्टिकच्या) सॉकेटमध्ये प्लेट आणि फिलामेंटच्या पायांमधे ठिणगी पडली की कोळशाची वाट तयार होते; चिनीमातीचं सॉकेट तसं जळत नाही, पण आपटलं की फुटतं.

मधली वाटही आहे. सॉकेट पत्र्यालाच आवळायचं आणि बोर्डाशी लवचीक तारांनी जोडायचं. किंवा बोर्डावर बसवूनही स्क्रू चासीत घ्यायचे. नुसता बोर्ड आहे म्हणून अॅम्प टाकाऊ ठरवू नये. सॉकेटचा भार कोण उचलतंय, ते बघावं.

आमच्या अॅम्पमध्ये तो भार कुणीच उचलत नव्हता. काकांनी नवं सॉकेट चासीला आवळलं आणि आठ तारा ओढल्या. तेवढं अर्ध्या तासात झालं. त्याआधी बोर्ड बाहेर काढायला सात नॉब, बारा नट आणि अख्खी दुपार गेली होती.