बुटाच्या जुन्या नाड्यांचा घरगुती पुनर्वापर

बुटाची नाडी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली लेस, ही गोफासारखी विणलेली चपटी किंवा गोल दोरी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची नळी घट्ट बसवलेली असते. तळ झिजला, शिवण उसवली की बूट जातो, नाडी मात्र बहुधा धडधाकट उरते. पाच-सहा जोड भोकांच्या बुटाला साधारण ९० ते १२० सेंमी. लांबीची नाडी लागते, घोट्याच्या वर येणाऱ्या बुटाला १५० सेंमी. किंवा जास्त. सुतळीच्या तुलनेत ती मऊ असते, तिचे तंतू झडत नाहीत आणि ती धुता येते. टोकाच्या नळीमुळे ती ओवायलाही सोपी जाते.

कुठलाही उपयोग ठरवण्याआधी नाडी कशाची आहे हे पाहावे. दोन सेंमी.चा तुकडा चिमट्यात धरून मोरीत किंवा पत्र्याच्या ताटलीवर पेटवावा. सुती नाडी कागदासारखा वास देत जळते आणि चिमटीत चुरडेल अशी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आणि नायलॉन ज्योतीपासून आक्रसतात, वितळतात आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर धागा मिश्र आहे. ऑफिसच्या बुटांच्या बारीक गोल नाड्यांवर अनेकदा मेण चढवलेले असते. अशी नाडी पाणी शोषत नाही आणि तिची गाठ सरकते.

धुण्यासाठी नाडी कोमट पाण्यात कपड्यांची पावडर घालून अर्धा तास भिजवावी आणि जुन्या टूथब्रशने घासावी. विणीत बारीक रेती राहिली तर ती धागे आतून कापत राहते. नाडी कापायची असेल तर कापण्याच्या जागी आधी चिकटपट्टीचे दोन-तीन घट्ट वेढे द्यावेत आणि पट्टीच्या बरोबर मधोमध कात्री चालवावी, म्हणजे दोन्ही तुकड्यांना आयते टोक मिळते. पॉलिएस्टरचे टोक मेणबत्तीवर दोन सेकंद धरूनही बंद होते. ते बोटांनी दाबू नये, कारण वितळलेला धागा कातडीला चिकटून भाजतो. दाबायला ओले फडके घ्यावे.

सर्वांत सरळ उपयोग नेफ्यातल्या नाडीचा. पायजम्याची नाडी आत गेली किंवा तुटली की सेफ्टी पिन शोधावी लागते. बुटाच्या नाडीचे कडक टोक नेफ्यातून बोटांनी पुढे सरकवता येते. कमरेच्या मापात निदान ५० सेंमी. मिळवून लांबी धरावी. १२० सेंमी.ची नाडी ७० सेंमी. कमरेपर्यंत पुरते, त्यापुढे लांब बुटाची लागते. परकराला मात्र बारीक गोल नाडी घालू नये. घट्ट बांधलेली नाडी किंवा घट्ट नेसलेले लुगडे कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी काचत राहिले, तिथे जखम झाली आणि पुढे त्वचेचा कर्करोग झाला, अशा दोन रुग्णांची नोंद वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. परकरासाठी रुंद, चपटी पट्टीच बरी, आणि तीही सैल.

मच्छरदाणीच्या चार कोपऱ्यांना चपटी पॉलिएस्टर नाडी उत्तम. नायलॉन ताणाखाली लांबते, पावसाळी दमट हवेत अधिकच. मग जाळी खाली येऊन झोपलेल्याच्या अंगाला टेकते आणि डास बाहेरूनच चावतो. खिळ्याकडच्या बाजूला सुरगाठ मारावी. निरगाठ मारली तर रोज सकाळी नखे झिजवावी लागतात.

सुती नाड्यांची चुंबळ छान होते. १२० सेंमी.च्या सहा चपट्या नाड्या घेऊन दोन-दोनचा एक असे तीन पेड करावेत आणि घट्ट वेणी घालावी. गुंफताना लांबी घटते आणि साधारण ८५ ते ९० सेंमी. वेणी हाती येते. १२ सेंमी. व्यासाच्या कड्याला एका वेढ्यात सुमारे ३८ सेंमी. लागतात, म्हणजे दोन वेढे बसतात आणि थोडे शेपूट उरते. ते आत दडपून दाभणाने गोधडीच्या दोऱ्याचे टाके घालावेत. माठ ठेवल्यावर कडे बाहेर फाकले, तर टाके दोन वेढ्यांना एकत्र न धरता वरच्यावर पडलेले असतात. माठाखालची चुंबळ सतत ओली राहते, म्हणून आठवड्याला उन्हात टाकावी, नाहीतर बुरशी धरते. गरम भांड्याखाली पॉलिएस्टरची चुंबळ चालत नाही. पॉलिएस्टर २५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, नायलॉनचे काही प्रकार त्याआधीच, आणि चुलीवरून उतरवलेला तवा तिथवर सहज पोहोचतो.

गावाला जाताना कुंडीला पाणी मिळावे म्हणून नाडीची वात करता येते. कुंडीच्या तळाच्या भोकातून नाडी ८-१० सेंमी. मातीत शिरवून दुसरे टोक खालच्या बाटलीत सोडावे. नाडी आधी पूर्ण भिजवावी आणि मातीलाही वरून पाणी द्यावे. कोरडी नाडी कोरड्या मातीत पाणी चढवत नाही. पाण्याच्या पातळीपासून कुंडीच्या तळापर्यंतचे अंतर १०-१५ सेंमी.पेक्षा जास्त नसावे. सुती वात पाणी लवकर ओढते पण काही महिन्यांत कुजते. आठवडाभराच्या गैरहजेरीला तेवढी पुरे. बाटलीचे तोंड कापडाने बांधावे, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

टोमॅटो किंवा कारल्याचा वेल काठीला बांधताना चपटी नाडी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवावी. एक फेरा काठीला, एक खोडाला. खोडाकडच्या फेऱ्यात बोट मावेल इतकी जागा ठेवली नाही, तर जाड होणाऱ्या खोडात नाडी रुतते.

पिशवीच्या चेनची ओढायची तुटलेली पकड, चार्जरच्या वायरींचे भेंडोळे, चष्म्याची दोरी ही किरकोळ कामे उरलेल्या तुकड्यांत भागतात. निरांजनात मात्र नाडीची वात घालू नये. सुती वाटणाऱ्या नाडीतही पॉलिएस्टर मिसळलेले असू शकते आणि ते वितळून तेलात टपकते. पाळण्यावर खेळणी टांगायला किंवा पडद्याला लोंबती ठेवायलाही नाडी वापरू नये. ती लहान मुलाच्या गळ्याभोवती अडकू शकते, आणि तिचा मऊपणा तिथे काही कामाचा नाही.