पळवाटेचा पूल : व्हेरोनाच्या किल्ल्याची पार्श्वभूमी

किल्ला बाहेरच्या शत्रूसाठी असतो, असं आपण सहसा धरून चालतो. उत्तर इटलीतल्या व्हेरोना शहरातला कास्तेलवेक्कियो हा किल्ला मात्र गावातल्याच माणसांच्या धास्तीने बांधला गेला. ज्युलिएटचा सज्जा पाहून परतणाऱ्या प्रवाशांना याची कल्पना नसते.

तेव्हा शहरावर देल्ला स्काला घराण्याची सत्ता होती. १३५४ साली सत्ताधीश कानग्रांदे दुसरा बाहेरगावी असताना त्याच्या अनौरस सावत्र भावाने, फ्रेन्यानोने, बंड केलं. बंड चिरडलं गेलं, फ्रेन्यानो मारला गेला. पण कानग्रांदेच्या मनातली भीती काही गेली नाही. त्याच वर्षी आदिजे नदीच्या काठावर किल्ल्याचं काम सुरू झालं. शहराची जुनी तटबंदी मधोमध घेऊन किल्ल्याचे दोन भाग केले : शहराच्या बाजूला सैन्याचं मोकळं आवार, तटापलीकडे धन्याचा निवास.

खरी मेख पुलात आहे. किल्ल्यातून निघून नदीपलीकडे उतरणारा हा पूल रयतेसाठी नव्हताच. कानग्रांदेची बायको सम्राट लुडविग बव्हेरियन याची मुलगी, तर मेहुणा उत्तरेला आल्प्स डोंगरातल्या तिरोल प्रांताचा धनी. शहर उठलंच, तर पूल ओलांडायचा आणि आदिजेच्या खोऱ्याने थेट सासरच्यांचा आश्रय गाठायचा. गडाला चोरदरवाजा ठेवतात, याने चोरपूल बांधला! तोही साधासुधा नाही. तीन कमानींपैकी सर्वांत मोठीचा गाळा सुमारे ४८ मीटरचा, त्या काळाच्या मानाने अचाट. खाली दगड, वर लाल विटा आणि दोन्ही कठड्यांवर तटासारख्या, टोकाशी दुभंगलेल्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दाते.

एवढं करून उपयोग शून्य. १३५९ साली कानग्रांदेचा खून झाला, तो सख्ख्या भावाच्या, कानसिन्योरिओच्या हातून. १३८७मध्ये घराण्याची सत्ताही गेली. आधी मिलानचे विस्कोंती आले, मग १४०५पासून जवळपास चार शतकं व्हेनिसचा अंमल राहिला.

नेपोलियनच्या काळात पुलांना वेगळंच महत्त्व आलं. १८०१च्या ल्युनेव्हिल तहाने आदिजे हीच सरहद्द ठरली. उजव्या तीरावर फ्रेंचांचा वरचष्मा, डाव्या तीरावर ऑस्ट्रिया. गाव एक, सत्ता दोन, आणि मधले पूल म्हणजे नाके. हा प्रकार १८०५पर्यंत चालला. चोरपुलाच्या डाव्या तीरावरचा बुरूज फ्रेंचांच्याच काळात पाडला गेला. नदीला बांधलेल्या उंच भिंती मात्र त्यानंतरच्या, १८८२च्या महापुराने शहर बुडवल्यावर उभ्या राहिलेल्या.

जानेवारी १९४४मध्ये मुसोलिनीच्या उत्तरेतल्या राजवटीने त्याचाच जावई गालेआत्सो चानो आणि इतरांवर राजद्रोहाचा खटला चालवला, तो याच किल्ल्यात. निकालानंतर चानोला गोळ्या घालण्यात आल्या. घरच्याच माणसांची भीती या वास्तूच्या पाचवीला पुजलेली, असं म्हणायला हरकत नाही.

एप्रिल १९४५मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले पूल सुरुंग लावून उडवले. त्यात हा पूल गेला आणि रोमन काळापासूनचा पोंते पिएत्राही गेला. स्मारकांची जबाबदारी असलेल्या पिएरो गात्सोला यांनी दोन्ही पूल होते तसे परत उभे करायचं ठरवलं. नदीच्या तळातून दगड काढले, जुनी छायाचित्रं ताडून पाहिली. किल्ल्याचा पूल १९५१मध्ये पुरा झाला, पोंते पिएत्रा १९५९मध्ये. पोंते पिएत्रावर आजही नजर टाकली तर काळ वेगळे काढता येतात : डाव्या तीराकडच्या पांढऱ्या दगडी कमानी रोमन, पलीकडच्या विटांच्या नंतरच्या. हेच गात्सोला पुढे १९६४च्या व्हेनिस सनदेच्या कर्त्यांपैकी एक झाले. ही सनद जुन्या वास्तूंच्या जतनाचा पायाच मानली जाते, आणि तर्कावर आधारलेल्या पुनर्बांधणीला तिचा विरोध आहे. पुलांच्या बाबतीत त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दगड मूळचेच होते, जागाही मूळची.

गंमत म्हणजे जवळपास त्याच वर्षांत, १९५८ ते १९६४, वास्तुविशारद कार्लो स्कार्पा किल्ल्यातल्या संग्रहालयावर नेमकं उलटं काम करत होते. १९२०च्या दशकात नेपोलियनकालीन बराकीला दुसरीकडच्या गॉथिक खिडक्या बसवून मध्ययुगाचं सोंग दिलं होतं. स्कार्पांनी त्या खिडक्या ठेवल्या, पण नव्या काचा त्यांच्या मागे, वेगळ्या चौकटींत बसवल्या. सोंग उघडं पडलं. शिवाय बराकीचा एक तुकडा पाडून त्यांनी जुना तट मोकळा केला, आणि त्या फटीत, काँक्रीटच्या उंच आधारावर, पहिल्या कानग्रांदेचा अश्वारूढ पुतळा उभारला. हा दुसऱ्या कानग्रांदेचा चुलत आजोबा, घराण्यातला सर्वांत पराक्रमी पुरुष. किल्ला बांधला तेव्हा त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.