दिग्दर्शकीय प्रभाव

एका दिग्दर्शकाची काम करण्याची रीत (कॅमेरा कुठे ठेवायचा, कट कधी मारायचा, नट कुठून आणायचे) पुढच्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात उतरणे म्हणजे दिग्दर्शकीय प्रभाव. आख्खा प्रसंगच जसाच्या तसा घेतला तर ती उचलेगिरी. तिला ‘प्रेरणा’ म्हणायची सोय आपल्याकडे आहेच.

मराठवाड्यातल्या वाचकाला हा फरक वेरूळात दगडात बघता येतो. आठव्या शतकातले तिथले कैलास लेणे (क्र. १६) कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावरून घडले आणि ते मंदिर कांचीच्या कैलासनाथावरून, असे कलेतिहासकार मानतात. आराखडा ओळखू येतो. पण आधीची दोन्ही मंदिरे पायापासून वर बांधत नेलेली, तर वेरूळच्या कारागिरांनी शिखरापासून सुरुवात करून डोंगर खाली कोरत आणला.

सत्यजित राय १९५० मध्ये नोकरीच्या कामाने लंडनला गेले आणि तिथे त्यांनी इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) पाहिला. त्यातून त्यांनी कथा घेतली नाही. खऱ्या जागी, नवख्या माणसांना घेऊन चित्रपट होऊ शकतो, हा धीर घेतला. ‘पथेर पांचाली’ (१९५५) त्यातून उभा राहिला. ‘दो बिघा जमीन’मध्ये (१९५३) बिमल रॉय यांनी त्याच ‘बायसिकल थीव्ह्ज’च्या प्रभावाखाली बाप-लेकाला शहराच्या रस्त्यावर वणवण करायला लावले, पण सलील चौधरींची गाणी काही सोडली नाहीत. मूळ एकच, पिके दोन.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका, कधी त्याहूनही खाली असतो. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तैवानच्या होउ श्याव-श्येन यांनी ‘कॅफे ल्युमिएर’ (२००३) केला. त्यात घर आहे, आगगाड्या आहेत, लग्नाच्या वयाची मुलगी आणि तिच्यापुढे गप्प बसलेला बाप आहे. मात्र ओझू संवादागणिक कट मारतात, तर होउ कॅमेरा तसाच चालू ठेवतात.

प्रभाव ओळखताना घाई नडते ती इथे. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याच्या ढाळजेत (दाराजवळच्या बसायच्या ओसरीत) म्हातारी माणसे मांडी घालून बसलेली असतात आणि वर माळवद (मातीचे सपाट छत) ठेंगणे. उभ्या माणसाच्या उंचीवर कॅमेरा लावला की नुसती टोप्या-पदरांची गर्दी दिसते, चेहरे सापडत नाहीत. मग तिपाई बाजूला ठेवून कॅमेरा ज्वारीच्या पोत्यावर टेकवावा लागतो. चौकट ओझूंसारखी दिसू लागते. छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमे पाहून आलेला एखादा विद्यार्थी तीच चौकट जाणून-बुजून लावीलही. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतील. पहिलीला मात्र प्रभाव म्हणता येणार नाही, तिथे कॅमेरा माळवदाने खाली आणलेला असतो.