ग्राहकसंबंध व्यवस्थापन

ग्राहकाची ओळख, त्याच्याशी झालेले व्यवहार, संभाषणे, तक्रारी आणि पुढील विक्रीची शक्यता यांची एकत्रित नोंद ठेवून विक्री व सेवेचे निर्णय घेण्याची पद्धत, तसेच त्यासाठीची संगणकप्रणाली. व्यवहारात ‘सीआरएम’ (कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट) हेच नाव रूढ आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. विपणनाचे अभ्यासक या पद्धतीचे मूळ लेनर्ड बेरी यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित विपणनाच्या विचारात शोधतात. नवा ग्राहक मिळवण्याबरोबर जुना टिकवण्यावर त्यात भर होता. त्याहून मागे जाणारे, टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडे बोट दाखवतात. शेवटची खरेदी कधी, किती वेळा आणि किती रकमेची, यांवरून त्या कंपन्या ग्राहकांची प्रतवारी करत. पण ती प्रामुख्याने सूचिपत्रके कोणाला धाडायची हे ठरवण्यापुरती. तिसरे मत विक्रेत्यांसाठीच्या संगणकीय साधनांचे : १९८७ ची ‘ॲक्ट!’ ही संपर्कवही, १९९३ मध्ये स्थापन झालेली सीबेल सिस्टिम्स आणि १९९९ मध्ये स्थापन झालेली, इंटरनेटवरून भाड्याने प्रणाली देणारी सेल्सफोर्स. रचनेचा विचार करता हे मत अधिक पटते. व्यक्ती, संस्था आणि संधी (होऊ घातलेली विक्री) हे आजच्याही प्रणालींचे मूळ तक्ते विक्रेत्याच्या डायरीतले आहेत. ‘सीआरएम’ ही संज्ञा बहुधा १९९० च्या दशकाच्या मध्यास रुळली. भारतीय प्रणालींपैकी चेन्नईच्या झोहोची २००५ पासून उपलब्ध आहे.

डायरी कंपनीच्या ताब्यात गेल्याने व्यवस्थापकाचे कामही बदलले. संधीची रक्कम तिच्या टप्प्यासाठी ठरवलेल्या शक्यतेने गुणतात : ५ लाखांचे कोटेशन ४० टक्के शक्यतेचे असेल, तर अंदाजपत्रकात २ लाख धरतात. हे टक्के जुन्या निकालांवरून काढायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते प्रणाली बसवताना आधीपासून भरलेले असतात तसेच राहतात आणि अंदाज चुकतो. शिवाय लक्ष्य वाढेल या धास्तीने विक्रेते पक्की ऑर्डरही तिमाही संपेपर्यंत नोंदवत नाहीत. साप्ताहिक बैठक पडद्यावरील आकड्यांवरच घेतली, तर नोंदी भरल्या जातात. तोंडी आढावा चालू ठेवला, की त्या थांबतात.

सर्वांत चिवट अडचण दुबार नोंदींची. एकच ग्राहक देवनागरीत एकदा, रोमन लिपीत दोन स्पेलिंगांनी आणि लग्नानंतरच्या आडनावाने पुन्हा येतो. म्हणून जुळणी केवळ नावावरून करत नाहीत. मोबाइल क्रमांकातील ‘+९१’ किंवा सुरुवातीचे शून्य काढून शेवटचे १० अंक ताडतात. घरात एकच फोन असल्यास हीही खूण फसते, तेव्हा नाव व क्रमांक दोन्ही जुळल्याशिवाय नोंदी एकत्र करू नयेत. व्यापारी ग्राहकांसाठी १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक उपयोगी : पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची १० अक्षरे पॅनची. त्यामुळे पुणे व मडगाव येथील शाखांचे जीएसटी क्रमांक वेगळे असले, तरी ३ ते १२ ही अक्षरे ताडून मालक एकच असल्याचे कळते. नोंदींचे विलीनीकरण सहसा उलटवता येत नाही; आधी प्रत काढून ठेवावी.

व्हॉट्सॲपवरील संभाषण विक्रेत्याच्या खासगी फोनवर झाले, तर तो नोकरी सोडताना इतिहासही जातो. व्हॉट्सॲपच्या व्यवसायासाठीच्या एपीआयमधून (दोन प्रणालींना जोडणाऱ्या दुव्यातून) ते प्रणालीत येते. पण ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तास उलटले, की व्हॉट्सॲपने पूर्वमंजूर केलेला संदेशाचा साचाच पाठवता येतो. तक्रारीचे उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकलणाऱ्या दुकानाला ही अट पहिल्याच आठवड्यात जाचते.

भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती ठरलेल्या हेतूपुरती घ्यायची असते आणि ती देण्याइतकेच सहज मागेही घेता आले पाहिजे. म्हणून संमतीची तारीख, हेतू व मार्ग यांचे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. ‘शेरा’ या एकाच रकान्यात लिहिलेली संमती नंतर शोधून काढता येत नाही. सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.