चुकलं आणि चुकल्याचुकल्यासारखं

मानसिक आजारपणाची रजा घेतलेल्या ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसाला जो तो एकच सल्ला देतो: "अपराधी वाटून घेऊ नकोस, स्वतःला माफ कर." मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. माफी गुन्ह्याला असते. रजेच्या दिवशी पोटात जे कालवत असतं, ते बरेचदा अपराधीपण नसतंच.

रजेचे प्रकार तुम्हाला ठाऊक आहेत. घोळ इथे होत नाही, म्हणून पुढे जाते.

घोळ होतो तो आतल्या भावनेला नाव देताना. मराठीत "माझं चुकलं" आहे आणि "चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय"ही आहे. लेक सासरी गेली की घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं. तिथे कुणाचं काही चुकलेलं नसतं, रोजचं काहीतरी जागेवर नसतं. ऑटिस्टिक माणसाला रोजच्या क्रमाचा आधार इतरांपेक्षा कितीतरी जास्त लागतो. तो क्रम तुटला की शरीर कासावीस होतं, आणि त्या कासाविशीला आपण "अपराधीपण" म्हणून मोकळे होतो, कारण लहानपणापासून तेच नाव कानावर पडलेलं असतं.

शिवाय आपल्या ऑटिस्टिक लोकांपैकी अनेकांना स्वतःची भावना ओळखणंच अवघड जातं. याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात सुमारे निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये तो आढळला. छातीत धडधडतंय एवढं कळतं, कशामुळे ते कळत नाही.

मला हे कळलं ते घड्याळामुळे. माझं ऑटिझमचं निदान छत्तिसाव्या वर्षी झालं, त्यानंतरची ही पहिली मोठी रजा. तिसऱ्या दिवशी सव्वाआठला, म्हणजे माझ्या लोकलच्या वेळेला, हात थरथरायला लागले. नऊपर्यंत ओसरलं. एक वाजता, डब्याच्या वेळेला, पुन्हा तेच. मी कुणाचं नुकसान केलं असतं, तर ते वेळापत्रक बघून टोचलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच डबा भरला. खालच्या पुडात पोळ्या, वर मटकीची उसळ. एकला घरच्याच टेबलावर उघडून खाल्ला, धुऊन ओट्यावर पालथा घातला. त्या दुपारी हात थरथरले नाहीत.

खरं अपराधीपण वेगळं असतं. त्याला माणूस असतो आणि काम असतं: अमक्या सहकाऱ्याला फाईल कुठे आहे ते सांगायचं राहिलं. त्यावर एक फोन पुरतो, फोन झाला की ते बरंचसं विरतं. म्हणून कागदावर लिहून बघा, नेमकं कुणाचं काय अडलंय? नाव लिहिता आलं तर फोन करा. कागद कोराच राहिला तर माफी मागत बसू नका, दिवसाला दोन-तीन खुंट्या ठोका: उठायची वेळ, जेवायची वेळ, एखादी फेरी. पण अख्खं ऑफिसचं वेळापत्रक घरी आणू नका. ऑटिस्टिक बर्नआउटमध्ये, म्हणजे दीर्घ ताणाने पार गळून गेल्यावर, थकवा तर येतोच, पण आधी जमणारी कौशल्यंही हातून सुटतात, आवाज-उजेड सोसवेनासे होतात. त्याला विश्रांतीच लागते.

कागदही कोरा, घड्याळाशीही संबंध नाही, आणि "मी सगळ्यांवर ओझं आहे" हे दिवसभर सुटतच नाही, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना सांगा. मरणाचे विचार येत असतील तर वाट बघू नका, जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

आणखी एक, यावर माझं मत ठाम आहे. रजेच्या मेसेजमध्ये "पर्सनल काम आहे" किंवा "गावी जायचंय" असं लिहू नका. खोटं बोलणं आपल्यातल्या अनेकांना सहन होत नाही, मग नसलेलं अपराधीपण खरोखरच तयार होतं आणि परतल्यावर गावाकडच्या गोष्टी रचाव्या लागतात. आपलं निदान काय आहे ते सांगायची गरज नाही. "तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, दाखला जोडला आहे." मी एवढंच लिहिते.