मर्फी ते मँटिओ: एका निवासी सायन्स-मॅथ्स शाळेमागचा इतिहास

शेजारच्या मुलीला इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या, डरहॅमच्या शाळेत ॲडमिशन मिळाली तेव्हा सांगलीहून तिच्या आजीचा फोन आला होता. मी तिथेच चहा पीत बसलो होतो, फोन स्पीकरवर, त्यामुळे सगळं ऐकू आलं. आजींचा प्रश्न एकदम सरळ होता. "अगं शाळा घरापासून अर्ध्या तासावर आहे ना, मग पोरीला हॉस्टेलवर कशाला धाडताय? डबा नेऊन संध्याकाळी घरी आली तर काय बिघडतंय?" मुलीच्या आईला पटकन काही सुचलं नाही, "तसा नियमच आहे हो आई" एवढंच म्हणाली. मला मात्र तो प्रश्न काही सोडेना, कारण ही शाळा का काढली आणि अशीच का काढली याचं जवळपास सगळं उत्तर त्या एका नियमात आहे, आणि इथे डरहॅमजवळच्या कॅरी-मॉरिसव्हिलमधे राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी आईबापांना ते माहीत नसतं, आपल्याला फक्त ॲडमिशन किती अवघड आहे तेवढं माहीत असतं. म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

शाळेचं नाव नॉर्थ कॅरोलिना स्कूल ऑफ सायन्स अँड मॅथेमॅटिक्स. १९७८ साली राज्याच्या विधिमंडळाने ती मंजूर केली आणि १९८० च्या फॉलमधे अकरावीची पहिली १५० मुलं आली. सरकारी शाळा, अकरावी-बारावी दोनच वर्षं, शिकणं-राहणं-जेवण सगळं फुकट, आणि मुलं अख्ख्या राज्यातून. अमेरिकेत अशी ही पहिलीच. हुशार मुलांसाठी सायन्सची सरकारी शाळा ही कल्पना काही नवीन नव्हती, न्यूयॉर्कमधे ब्राँक्स सायन्स १९३८ पासून होती, पण ती शहराची शाळा, मुलं सबवेने यायची आणि घरी जायची. सबवे जिथे पोचत नाही तिथल्या मुलाचं काय, हा प्रश्न नॉर्थ कॅरोलिनासारख्या राज्यालाच पडणार होता.

इथे बोलण्यात "मर्फी ते मँटिओ" असं सारखं येतं. मर्फी हे पश्चिमेच्या डोंगरातलं शेवटचं गाव, मँटिओ पूर्वेला समुद्रातल्या बेटावरचं, मधलं अंतर साडेपाचशे मैलांच्या आसपास. आपण "चांद्यापासून बांद्यापर्यंत" म्हणतो तसंच. आणि या मधल्या पट्ट्यात तेव्हा काय होतं तर तंबाखूची शेती, कापडाच्या गिरण्या, फर्निचरचे कारखाने. दहावी झाली की पोरगं गिरणीत लागायचं. रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ मधे सुरू झालं होतं, आयबीएम १९६५ मधे आली, पण हे सगळं राज्याच्या मधोमध, रॅली-डरहॅम-चॅपल हिलच्या त्रिकोणात. डोंगरातल्या किंवा किनाऱ्याकडच्या छोट्या शाळेत फिजिक्स शिकवायला माणूस मिळायचा नाही, कॅल्क्युलस तर लांबच राहिलं. तिथल्या मुलीचं डोकं कितीही चालू दे, तिला आपलं डोकं कशात चालतं हे कळायलाच वाव नव्हता. मला वाटतं हे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही, आपल्यातल्या निम्म्या लोकांचे आईवडील अशाच गावांतून आलेले आहेत.

कल्पना कोणाची म्हणाल तर जॉन ईली (Ehle) नावाच्या कादंबरीकाराची. पश्चिमेकडच्या ॲशव्हिलचा माणूस, आणि गव्हर्नर टेरी सँफर्डने १९६३ मधे त्याला सल्लागार म्हणून बोलावून घेतलं. एक राजकारणी लेखकाला ऑफिसात बसवतो, त्याला नव्या कल्पना विचारतो आणि त्या खरंच अंमलात आणतो, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात भारी वाटतं. त्या दोनेक वर्षांत दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक गव्हर्नर्स स्कूल, म्हणजे हुशार मुलांची उन्हाळ्यातली निवासी शाळा, १९६३ पासून विन्स्टन-सेलममधे, सुरुवातीचा पैसा बराचसा कार्नेगी कॉर्पोरेशन या देणग्या देणाऱ्या संस्थेचा. आणि दुसरी कलांची शाळा, संगीत-नृत्य-नाटकाची, तीही निवासी आणि सरकारी, जी १९६५ मधे सुरू झाली. या दुसरीच्या बिलाची विधिमंडळात लोकांनी खूप टर उडवली, "चवड्यांवर नाचायचं बिल" असं नाव पाडलं, गरीब राज्याने बॅलेवर पैसे का घालायचे म्हणून. बिल पास झालं तरी शाळा कुठल्या गावात जाणार हे ठरायचं होतं, तर विन्स्टन-सेलमच्या लोकांनी दोन दिवस फोन फिरवून फिरवून नऊ लाख डॉलरच्या आसपास वर्गणी गोळा केली आणि शाळा आपल्याकडे ओढून नेली. गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला यातली मेहनत बरोबर कळेल.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सायन्सची शाळा एकदम आकाशातून पडली नाही. मुलांना घरापासून लांब ठेवून सरकारी खर्चाने शिकवता येतं, आईबाप पाठवतात, मुलं नीट राहतात, हे या दोन प्रयोगांनी आधी दाखवून ठेवलं होतं. पुढे १९७७ मधे जिम हंट गव्हर्नर झाला तेव्हा कल्पना तयारच होती. सँफर्ड तोपर्यंत डरहॅमच्याच ड्यूक युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट. हंटच्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या राज्यात आणायचं चाललं होतं, १९८० मधे मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स सेंटरही त्यानेच उभं केलं, आणि कंपन्या आणायच्या तर त्यात काम करणारी पोरं इथलीच का नसावीत असा साधा हिशोब.

विरोध झालाच. मुठभर हुशार मुलांचे लाड कशाला, तोच पैसा सगळ्या शाळांना वाटा, असं एक म्हणणं, आणि दुसरं गावोगावच्या शाळांचं, की आमच्या वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरं तुम्ही उचलून नेणार मग आमच्याकडे राहतं काय. हे दुसरं मला आजही खरं वाटतं, ते झटकून टाकण्यासारखं नाही. प्लॅनिंग करणाऱ्यांनीही ते झटकलं नाही, आणि शाळेने राज्याला परतफेड करायची ही गोष्ट तिच्या कामातच बसवली गेली. इथल्या मॅथ्सच्या शिक्षकांनी मिळून प्रीकॅल्क्युलसचं पुस्तक लिहिलं, नुसती सूत्रं घोकण्याऐवजी खऱ्या आकडेवारीवरून गणित शिकवणारं, आणि ते बाहेरच्या शाळांतही गेलं. बाकी शाळांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळ्यात वर्कशॉप, नंतर व्हिडिओवरून लांबच्या गावांना वर्ग. भरपाई पूर्ण झाली असं मी म्हणणार नाही पण ज्यांची मुलं नेली त्यांना विसरले नाहीत एवढं नक्की.

आता जागा. डरहॅममधे वॉट्स हॉस्पिटल १९७६ मधे बंद पडून रिकामं होतं. जॉर्ज वॉट्स या तंबाखूच्या धंद्यातल्या श्रीमंत माणसाने १८९५ मधे ते काढलं होतं, आताच्या इमारती १९०९ च्या. मी ओपन हाउसला गेलो होतो तेव्हा बराच वेळ बाहेरच उभा राहिलो, लाल कौलं, फिकट भिंती, आत लांबच लांब कॉरिडॉर, आणि चालताना जाणवतं की इथून खाटा ढकलत नेत असतील. पहिल्या वर्षीची पोरं याच जुन्या हॉस्पिटलात राहायला आली. पण एक गोष्ट मला आत लागली. वॉट्स हे गोऱ्यांचं हॉस्पिटल होतं. काळ्या लोकांसाठी गावात वेगळं लिंकन हॉस्पिटल होतं, १९०१ पासूनचं, आणि १९७६ मधे दोन्हींच्या जागी एकच काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, हॉस्पिटल आलं. म्हणजे ज्या वॉर्डांमागे हा सगळा इतिहास होता तिथे १९८० मधे मर्फीपासून मँटिओपर्यंतची सगळ्या रंगांची मुलं एकत्र राहायला आली. पहिला डायरेक्टर चार्ल्स आयल्बर, मिशिगनच्या इंटरलोकन या कलांच्या निवासी शाळेतून आलेला, म्हणजे हॉस्टेलवरची मुलं सांभाळायचा अनुभव असलेला.

आणि म्हणून तो हॉस्टेलवरच राहायचा नियम. जवळच्या मुलांना घरून येऊ दिलं असतं तर एका शाळेच्या दोन शाळा झाल्या असत्या, संध्याकाळी ट्रँगलमधली डॉक्टर-इंजिनियरांची मुलं गाडीत बसून घरी जाणार आणि लांबची मुलं मागे उरणार. राहायचं तर सगळ्यांनी, भांडीधुणी-झाडलोटीच्या कामाचे तासही सगळ्यांनाच. शेजारच्या मुलीची रूममेट किनाऱ्याकडच्या गावातली आहे, तिच्या जुन्या शाळेत फिजिक्स विषयच नव्हता. दोघी रात्री एकत्र प्रॉब्लेम सोडवतात. आजींच्या प्रश्नाचं उत्तर ते आहे.

ॲडमिशनचंही तसंच. राज्यातल्या प्रत्येक काँग्रेशनल डिस्ट्रिक्टला, आपल्या लोकसभा मतदारसंघासारखा, जवळपास सारखा वाटा द्यायचा. आपल्या लोकांच्या गप्पांत यावर नाराजी ऐकू येते कारण आपल्या भागात अर्ज खूप आणि जागा तेवढ्याच. मला विचाराल तर हा वाटा काढला की शाळेला अर्थच उरणार नाही.

हाच विचार त्याआधी रशियात झाला होता हे मला नंतर कळलं. १९६३ च्या जानेवारीत नोव्होसिबिर्स्कला लाव्हरेन्त्येव या गणितज्ञाच्या पुढाकाराने फिजिक्स-मॅथ्सची निवासी शाळा सुरू झाली, सैबेरियाच्या लांबलांबच्या गावांतली मुलं शोधून आणलेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मॉस्कोत कोल्मोगोरोवची, जिथे तो एवढा मोठा गणिती स्वतः शिकवायचा, मुलांना रानात फिरायला न्यायचा, संगीत ऐकवायचा.

आणि आपल्याकडे? जवाहर नवोदय विद्यालयाची पहिली दोन, १९८५-८६ मधली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, सहावीपासून, सरकारी खर्चाने. फक्त सायन्सची नाहीत पण पोटातली कळ तीच. नवोदयची परीक्षा देऊन तालुक्याच्या गावातून बाहेर पडलेल्या माणसाला डरहॅमची ही शाळा पाच मिनिटांत कळते.

नॉर्थ कॅरोलिनाचं बघून पुढे लुइझियाना, इलिनॉय, टेक्सस, मिसिसिपी असं पसरत गेलं. इलिनॉयमधे फर्मीलॅब या फिजिक्सच्या प्रयोगशाळेचा लिऑन लेडरमन मागे लागला आणि १९८६ मधे ऑरोरात शाळा उघडली, त्याला नोबेल मिळालं ते त्यानंतर दोन वर्षांनी. डरहॅमच्या शाळेची क्रिस्टिना कोक, १९९७ ची बॅच, ३२८ दिवस अंतराळात राहून आली.

तरी डोंगरातल्या मुलांना डरहॅम लांबच पडत होतं, मर्फीहून गाडीने साडेपाच तास. राज्याच्या २०१६ च्या बाँडमधून, म्हणजे कर्जरोख्यांतून, पश्चिमेला दुसऱ्या कॅम्पसचा पैसा आला आणि २०२२ च्या ऑगस्टमधे मॉर्गंटनला, कर्णबधिर मुलांच्या जुन्या सरकारी शाळेच्या आवारात, तो सुरू झाला. मर्फीहून आता तीन तास.